दोन नोंदी : वाहनाची आणि वाहनचालकाची

रस्त्यावरून एखादे मोटार वाहन धावते तेव्हा त्याच्यामागे दोन शासकीय नोंदी उभ्या असतात. पहिली नोंद वाहनाची : ते कोणाच्या मालकीचे, कोणत्या बनावटीचे, कोठे ठेवले जाणारे, कोणाच्या कर्जाला बांधलेले. दुसरी नोंद चालकाची : त्याचे वय काय, तो कोणत्या प्रकारचे वाहन चालविण्यास पात्र आहे आणि ती पात्रता कोणत्या तारखेपर्यंत टिकते. या दोन्ही नोंदी घेणे, त्यांची पडताळणी करणे आणि त्या अद्ययावत ठेवणे हे प्रादेशिक परिवहन कार्यालयांचे मूळ काम होय. सर्वसामान्य नागरिक या कार्यालयांना 'आरटीओ' या नावाने ओळखतो.

पुष्कळांच्या लेखी हे कार्यालय म्हणजे गाडी घेतली की एकदा 'कागद करून घेण्याचे' ठिकाण. त्या कागदांचे खरे मोल ज्या दिवशी कळते तो बहुधा अपघाताचा दिवस असतो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. महाराष्ट्रात त्या वर्षी मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या १५ हजारांहून अधिक होती. अशा प्रत्येक मृत्यूनंतर घरच्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता भरपाई कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर वरील दोन नोंदींत असते. नोंदी खऱ्या व ताज्या असतील तर मार्ग पुष्कळसा सुकर होतो. त्या जुन्या राहिल्या असतील तर अपघातग्रस्ताचे कुटुंब आणि वाहनाचा नोंदलेला मालक हे दोघेही वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढत राहतात. म्हणून ही व्यवस्था कशी चालते हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी नेमकेपणाने समजून घेणे इष्ट आहे.

कायद्याची वाटचाल

मोटार वाहनांसाठी सबंध देशाला लागू होणारा पहिला कायदा १९१४ साली झाला. वाहनांची नोंदणी आणि चालकांना अनुज्ञप्ती या दोन्ही गोष्टींची पायाभरणी त्याच काळातली. वाहने वाढली, भाड्याने प्रवासी व माल वाहून नेण्याचा व्यवसाय उभा राहिला, तेव्हा १९३९ साली अधिक विस्तृत कायदा करण्यात आला. त्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने घेतली. हा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आज वाहनांच्या पाटीवर दिसणारी राज्याची अक्षरे व कार्यालयाचा अनुक्रमांक ही पद्धत त्याच सुमारास सुरू झाली. 'एमएच १२' म्हणजे पुणे, 'एमएच ०९' म्हणजे कोल्हापूर, 'एमएच ३१' म्हणजे नागपूर हे आता शाळेतील मुलेही सांगतात. २०१९ मध्ये या अधिनियमात मोठी दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या आणि अनेक कामे संगणकाद्वारे करण्याची मुभा मिळाली.

मुख्य कायदा व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे केंद्र शासनाचे आहेत. अंमलबजावणी मात्र राज्य शासनाची यंत्रणा करते. राज्यात परिवहन आयुक्त हे या यंत्रणेचे प्रमुख असून त्यांच्या अधिपत्याखाली प्रादेशिक व उप प्रादेशिक परिवहन अधिकारी काम पाहतात. वाहनाची तपासणी करणारा व चालकाची चाचणी घेणारा अधिकारी म्हणजे मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक मोटार वाहन निरीक्षक. जिल्ह्याच्या ठिकाणी येणे सर्वांना सोयीचे नसल्याने तालुक्यांच्या गावी ठरावीक दिवशी शिबिर कार्यालये भरविण्यात येतात.

येथे एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. बोलीभाषेत वाहन चालविण्याच्या अनुज्ञप्तीला 'परवाना' किंवा 'लायसन' म्हणतात. कार्यालयीन भाषेत मात्र परवाना म्हणजे प्रवासी अथवा माल यांची वाहतूक करण्यासाठी वाहनाला मिळालेली परवानगी. अनुज्ञप्ती माणसाला मिळते, परवाना वाहनाला मिळतो. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे अर्ज भरताना होणारा बराचसा घोटाळा टळतो.

वाहनाची नोंदणी

नोंदणी झाल्याखेरीज कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही व मालकाने ते कोणाला चालवूही देता कामा नये. नव्या वाहनासाठी नमुना २० मध्ये अर्ज, विक्रेत्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाचे नमुना २२ मधील प्रमाणपत्र, विम्याचा कागद, पत्त्याचा पुरावा व कराचा भरणा एवढी मुख्य सामग्री लागते. पूर्वी प्रत्येक नवे वाहन निरीक्षकासमोर उभे करावे लागे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याने विकलेले, पूर्ण बांधणीचे वाहन पहिल्या नोंदणीसाठी कार्यालयात नेण्याची आवश्यकता उरलेली नाही. १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी विक्रीच्या वेळीच बसवून देण्यात येते.

नोंदणी प्रमाणपत्रावर मालकाचे नाव व पत्ता, इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, वाहनाचा वर्ग, इंधन, आसनक्षमता आणि कर्ज असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असते. सांगाड्याचा, म्हणजे चासीचा, क्रमांक हा वाहनाचा जन्मभराचा ओळखक्रमांक. पाटी बदलता येते, रंग बदलता येतो, हा क्रमांक बदलत नाही. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर तपासणी होऊन ती दर वेळी ५ वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. प्रवासी व माल वाहतुकीच्या वाहनांना याशिवाय योग्यता प्रमाणपत्र लागते. वाहन नवे असताना, पहिली ८ वर्षे, ते २ वर्षांसाठी मिळते व पुढे दर वर्षी घ्यावे लागते.

काही बाबतींत मालकाने आपण होऊन कार्यालयाला कळवावयाचे असते. पत्ता बदलल्यास ३० दिवसांच्या आत ती नोंद करून घ्यावी. वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे असल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नव्या राज्यात नोंदणी करावी. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड यांसारख्या सीमावर्ती जिल्ह्यांत शेजारच्या राज्यातून जुनी वाहने विकत घेण्याची प्रथा असल्याने तेथे हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. कर्ज फिटले असेल तर वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ सादर करून बोजाची नोंद कमी करून घ्यावी. सात-बारावरील बोजा उतरविण्याबाबत जी दक्षता शेतकरी घेतो तीच येथे घ्यावयास हवी. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर तेही १४ दिवसांत कळविणे बंधनकारक आहे. असे वाहन भंगारात देऊन मोकळे होणाऱ्याच्या नावावर त्याचा क्रमांक तसाच जिवंत राहतो आणि त्या क्रमांकाचा गैरवापर होण्याची वाट मोकळी राहते.

विकलेली, तरीही नावावर असलेली गाडी

या सर्व व्यवस्थेत सर्वांत दुर्लक्षित राहणारी पायरी म्हणजे मालकीचे हस्तांतरण. खेड्यापाड्यांतील नेहमीचा व्यवहार असा : मोटारसायकल विकली जाते, साध्या कागदावर किंवा मुद्रांकावर दोन ओळी लिहिल्या जातात, पैसे व किल्ली यांची देवाणघेवाण होते आणि पुस्तक नव्या मालकाच्या हाती पडते. 'नाव नंतर करून घेऊ' असे म्हणून दोघे आपापल्या वाटेने जातात. पुढे तीच गाडी तिसऱ्याकडे व चौथ्याकडे जाते. शासनाच्या नोंदवहीत मात्र मालक पहिलाच असतो.

अधिनियमातील 'मालक' या शब्दाची व्याख्या या ठिकाणी निर्णायक ठरते. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक, असे ती सांगते. या व्याख्येचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निर्णयात स्पष्ट केला. त्या प्रकरणातील मोटारीची एकामागून एक अशी अनेकदा विक्री झाली होती. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर होती. मे २००९ मध्ये त्या मोटारीने अपघात झाला. मोटारीचा विमा नव्हता. शेवटच्या खरेदीदाराने भरपाई द्यावी असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले आणि नोंदलेला मालकच जबाबदार राहील असा निर्णय दिला. त्यामागील विचार न्यायाचा आहे. ज्याचा माणूस गेला त्या कुटुंबाने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. शासकीय नोंदवहीत जे नाव आहे त्यावर त्याला विसंबता आले पाहिजे.

भरपाईची रक्कम भरली गेली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवू शकते. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी विकलेल्या मोटारसायकलीपायी, तिच्याशी काही संबंध उरला नाही असे समजणाऱ्या माणसाच्या जमिनीपर्यंत वसुली पोहोचू शकते. विक्रीचा कागद दाखवून त्याला खरेदीदाराविरुद्ध पुढे दाद मागता येईल. परंतु अपघातग्रस्तापुढे जबाबदारी त्याचीच राहते.

यावरचा उपाय सोपा आहे. विक्री करणाऱ्याने त्याच राज्यातील व्यवहार असल्यास १४ दिवसांच्या आत नमुना २९ मध्ये कार्यालयास कळवावे. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नमुना ३० मध्ये अर्ज करावा. वाहनावर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची संमती घ्यावी. विम्याच्या प्रमाणपत्रावरील नाव बदलण्यासाठीही खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीस कळवावयाचे असते. व्यवहार पुरा करण्यापूर्वी नाव बदलल्याची खात्री करून घेणे विक्रेत्याच्या हिताचे आहे, कारण गाडी खरेदीदाराकडे गेल्यावर नाव बदलण्याची निकड त्याला उरत नाही.

मालकाच्या मृत्यूनंतर बहुतेक घरांत वारसांकडून असाच विलंब होतो. मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत वाहन ताब्यात असलेल्या वारसाने मृत्यूची व वाहन पुढे वापरण्याच्या इराद्याची माहिती कार्यालयास दिल्यास त्याला ते तीन महिन्यांपर्यंत वापरता येते. तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो. २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार वाहनमालकाला नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशन करून ठेवण्याचीही सोय झाली आहे. तिचा लाभ घेतल्यास वारसांची धावपळ वाचते.

चालकाची अनुज्ञप्ती

आता दुसऱ्या नोंदीकडे वळू. अनुज्ञप्ती मिळविण्याचा मार्ग दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा शिकाऊ अनुज्ञप्तीचा. तिच्यासाठी रस्त्यावरील चिन्हे, वाहतुकीचे नियम व चालकाची कर्तव्ये यांवर संगणकीय चाचणी होते व किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ही चाचणी मराठीतूनही देता येते. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते. त्या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात 'एल' हे इंग्रजी अक्षर लावणे आणि अनुज्ञप्तीधारक शिकविणारा सोबत असणे आवश्यक असते. दुचाकीवर शिकविणाऱ्याखेरीज अन्य कोणास मागे बसविता येत नाही.

शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. निरीक्षक येथे केवळ गाडी चालते की नाही एवढेच पाहत नाही. सुरुवात करण्यापूर्वी आरसा पाहणे, योग्य इशारा देणे, चढावर थांबवून मागे न घसरू देता पुन्हा पुढे नेणे, मागे वळविणे, पादचाऱ्यास वाट देणे अशा अनेक बाबी तपासण्यात येतात. लागोपाठ तीनदा अनुत्तीर्ण होणाऱ्यास पुढील चाचणीसाठी ६० दिवस थांबावे लागते. पुष्कळांना हे जाचक वाटते. परंतु चाचणी नाममात्र झाली तर अनुज्ञप्तीची नोंदही नाममात्रच राहते, आणि अशा नोंदीवर कोणाचाही जीव सोपविता येत नाही.

तिसाव्या वर्षाच्या आत मिळालेली खासगी वाहनाची अनुज्ञप्ती वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. ३० ते ५० या वयात ती १० वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयात वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत व त्यापुढे ५ वर्षांसाठी मिळते. वाहतूक वाहनांसाठी मुदत ५ वर्षांची आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याहून अधिक उशीर झाल्यास चाचणी पुन्हा द्यावी लागते. मात्र अर्ज करण्यास वर्ष मिळते म्हणजे मुदत संपलेल्या अनुज्ञप्तीवर वर्षभर वाहन चालविता येते, असा समज कोणीही करून घेऊ नये.

पूर्वी वाहतूक वाहनाच्या चालकास आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. ही अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. कौशल्य असूनही शिक्षणाअभावी अडून राहिलेल्यांना त्यामुळे मार्ग मिळाला. तसेच ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या वजनाचे वाहतूक वाहन हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाली काढला. लहान टेम्पो चालवून पोट भरणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे.

अनुज्ञप्ती नसलेल्या माणसाच्या हाती वाहन दिले तर काय होते? दंड तर होतोच; चालकाला व वाहन देणाऱ्या मालकाला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत. परंतु खरा धोका त्यापुढे आहे. अशा प्रकरणांत विमा कंपनीने आधी अपघातग्रस्तास रक्कम द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मांडले. म्हणजे विम्याचा हप्ता वेळच्या वेळी भरूनही भुर्दंड अखेर मालकाच्याच माथी येतो.

अल्पवयीन चालक

खासगी मोटार वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. वाहतूक वाहनासाठी २०. सोळाव्या वर्षी केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविता येते. आज बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्कूटर याहून मोठ्या क्षमतेच्या असतात. विजेवर चालणाऱ्या दुचाकींबाबतही गैरसमज आढळतो. ज्यांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे अशाच विशिष्ट दुचाकी मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहतात. त्याहून वेगवान दुचाकीला नोंदणी, विमा व अनुज्ञप्ती हे सर्व लागते.

२०१९ मध्ये समाविष्ट झालेले कलम १९९-अ प्रत्येक पालकसभेत वाचून दाखवावे असे आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ अनुज्ञप्ती नाही, असे त्याचे परिणाम आहेत. आपल्या नकळत हे घडले किंवा ते रोखण्यासाठी आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर किंवा मालकावर असते. महाविद्यालय दूर, एस.टी.ची वेळ गैरसोयीची, म्हणून मुलाच्या हाती गाडी दिली जाते हे खरे आहे. या अडचणीवर तोडगा काढणे हे शाळा, पंचायत व आगार यांनी मिळून करावयाचे काम आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणे हा तोडगा नव्हे.

ट्रॅक्टर व ट्रॉली

ग्रामीण भागात ट्रॅक्टरची नोंदणी होते. ट्रॉली मात्र पुष्कळदा गावातच बांधून घेतली जाते व नोंदणीविना वापरली जाते. मोटार वाहन या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश असल्याने ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे. ऊसहंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, मागे परावर्तक नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून होणारे अपघात सर्वांच्या परिचयाचे आहेत. पाठीमागचा तांबडा परावर्तक थोडक्या पैशांत मिळतो.

संगणकीकरणानंतर

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या 'वाहन' व 'सारथी' या प्रणालींमुळे देशभरातील नोंदी एकत्र जोडल्या गेल्या आहेत. २०२१ पासून राज्यात आधार क्रमांकाच्या आधारे शिकाऊ अनुज्ञप्तीची चाचणी घरबसल्या देता येते. पत्ता बदलणे, नूतनीकरण, दुय्यम प्रत अशी कामेही कार्यालयात न जाता करता येतात. नोव्हेंबर २०१८ पासून शासनमान्य मोबाइल उपयोजनातील नोंदणी प्रमाणपत्र व अनुज्ञप्ती तपासणीच्या वेळी ग्राह्य धरण्यात येतात.

या सोयीचा लाभ मिळण्यासाठी आधाराशी व वाहनाच्या नोंदीशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक स्वतःचा असावा लागतो. मध्यस्थाने सोयीसाठी आपला क्रमांक टाकला की पुढील प्रत्येक संकेतांक त्याच्याकडे जातो आणि मालक आपल्याच वाहनाच्या नोंदीपासून तुटतो. दंडाच्या ई-चलनाची सूचनाही नोंदलेल्या क्रमांकावरच येते. अर्ज स्वतः भरणे, निदान आपल्यासमोर भरून घेणे व क्रमांक आपलाच दिला आहे याची खात्री करणे एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा ग्रामसभेत विषय घेऊन पुढील प्रश्न गावापुढे ठेवावेत : आपल्या नावावरची कोणती गाडी दुसऱ्याकडे आहे? आपण वापरतो ती गाडी कोणाच्या नावावर आहे? मृत व्यक्तीच्या नावावर वाहन आहे काय? विमा कोणत्या तारखेला संपतो? उत्तरे गोळा झाल्यावर तालुक्याच्या शिबिराचा दिवस पाहून अर्ज एकत्र तयार करता येतील. मृत्यूचा दाखला देताना ग्रामसेवकाने वारस नोंदीबरोबरच वाहनाच्या हस्तांतरणाचीही आठवण करून द्यावी. शिक्षकांनी नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना चिन्हे व नियम शिकविताना वयाची अट व पालकांची जबाबदारी आवर्जून सांगावी. कार्यालयप्रमुखांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या अनुज्ञप्तीच्या मुदती तपासाव्यात. शासकीय वाहनाच्या चालकाबाबत तर हे कर्तव्यच आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही. विकलेल्या गाडीवरून आपले नाव वेळेत कमी करणारा विक्रेता स्वतःची जमीन सुरक्षित ठेवतो. आपले नाव त्वरित लावून घेणारा खरेदीदार, उद्या दुर्दैवाने अपघात झालाच तर, समोरच्या कुटुंबाला भरपाईसाठी वणवण करावयास लावीत नाही. नोंदवही कार्यालयात असली तरी तिच्यातील नोंद खरी ठेवणे हे नागरिकाच्याच हाती आहे.